रिकामी जागा टिपताना: निसर्गदृश्यातून मिनिमल आणि अमूर्त छायाचित्र कसं घडतं

धुक्यात उभं एकच झाड, एकमेकांत विरघळून गेलेलं आकाश आणि पाणी, वाळूच्या टेकडीची एक वळणदार कड. अशी छायाचित्रं पाहिली की ती काढणं सोपं असावं असं वाटतं, कारण चौकटीत सांभाळायला फारसं काही दिसतच नाही. प्रत्यक्षात भरगच्च दृश्यात बऱ्याच चुका खपून जातात. सेन्सरवरचा धुळीचा कण झाडीत दडतो, अर्ध्या अंशाने कललेलं क्षितिज डोंगरांच्या गर्दीत जाणवत नाही, कोपऱ्यातली काळपट छटा कुणाच्या नजरेत येत नाही. चौकट रिकामी केली की यातली प्रत्येक गोष्ट ठळक होते.

म्हणून या प्रकारात रिकामी जागा हीच हाताळायला सर्वांत अवघड वस्तू आहे. तिला स्वतःची छटा असते, पोत असतो, तिचंही एक्स्पोजर, म्हणजे किती प्रकाश टिपायचा ते, ठरवावं लागतं आणि तिच्या कडा राखाव्या लागतात. हा लेख मुख्यतः त्या कामाबद्दल आहे.

मिनिमल कशाला म्हणायचं, अमूर्त कशाला

हे दोन शब्द जोडीने येतात, पण त्यामागचे प्रश्न वेगळे आहेत. मिनिमल छायाचित्रात प्रश्न असतो, चौकटीत किती गोष्टी आहेत? अमूर्त छायाचित्रात प्रश्न असतो, जे दिसतंय ते ओळखू येतं का? बर्फात उभा एक खांब मिनिमल आहे, पण अमूर्त नाही, कारण तो खांब आहे हे लगेच कळतं. उलट, सुकलेल्या चिखलातल्या शेकडो भेगांचं जवळून घेतलेलं छायाचित्र अमूर्त होऊ शकतं, पण त्यात रेषांची गर्दी असते. दोन्ही गोष्टी जुळतात तेव्हा आकार थोडे राहतात आणि त्यांची नावं पुसट होतात, तरी मागे जमीन, पाणी, हवा असल्याची जाणीव शिल्लक राहते.

निसर्गदृश्य आपण ओळखतो ते मुख्यतः चार खुणांवरून: क्षितिज, आकाश, आकाराचा अंदाज देणारी ओळखीची वस्तू आणि पृष्ठभागाचा पोत. यातली प्रत्येक खूण काढली की दृश्य एक पायरी अमूर्ताकडे सरकतं. वाळूच्या उतारावरून आकाश आणि झुडूप दोन्ही वगळलं, तर तो उतार २ मीटरचा आहे की २०० मीटरचा हे सांगता येत नाही. अमेरिकी छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी १९२२ पासून ढगांची छायाचित्रं काढायला सुरुवात केली आणि पुढे त्या कामाला ‘इक्विव्हॅलंट्स’ हे नाव दिलं. त्यातल्या बऱ्याच चौकटींत जमीनही नाही आणि क्षितिजही नाही, त्यामुळे कुठली बाजू वर धरायची हेही नक्की सांगता येत नाही. काढून टाकलं आहे ते एवढंच, पण बघणाऱ्याची नजर ढग सोडून छटांकडे वळते.

पोत सोडून बाकीच्या तिन्ही खुणा एकदम काढल्या की मात्र बहुतेक वेळा हाती नुसता पोत लागतो, कापडाच्या नमुन्यासारखा. एखादी खूण अर्धवट ठेवावी. धुक्यात जेमतेम जाणवणारं क्षितिज किंवा कडेला अस्पष्ट राहिलेली एखादी काठी पुरते.

वजाबाकी जागेवरच करायची

नको असलेली गोष्ट काढण्याचे मार्ग अनेक आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी पाय, मग कॅमेऱ्याची उंची, मग लेन्स, मग हवामान आणि वेळ, आणि अगदी शेवटी संगणक. नवशिके बहुतेकदा उलट्या टोकाने सुरू करतात. जागेवर दिसेल ते टिपायचं आणि घरी पुसत बसायचं. पुसलेल्या जागी जे भरलं जातं ते आजूबाजूच्या छटेशी तंतोतंत जुळत नाही आणि सपाट धुक्यावर तो डाग स्पष्ट दिसतो. संगणकावर पुसणं त्याज्य आहे असं मात्र नाही. जर्मन छायाचित्रकार आंद्रेयास गुर्स्की यांच्या १९९९ च्या ‘राइन २’ या प्रसिद्ध छायाचित्रात नदी, गवताचे पट्टे आणि आकाश एवढंच दिसतं, आणि त्यातली इमारत व माणसं संगणकावर काढलेली आहेत. पण मुळात आडव्या पट्ट्यांची ती रचना त्या काठावर होतीच.

कॅमेऱ्याच्या उंचीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं, आणि तिचा नियम फार उपयोगी आहे. सपाट जमिनीवर क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्याच उंचीवर असतं. कॅमेरा जमिनीपासून १.५ मीटरवर असेल, तर झाड जवळचं असो की लांबचं, क्षितिजरेषा त्याला जमिनीपासून १.५ मीटरवरच छेदते. म्हणून १ मीटर उंचीचा खडक कितीही लांब असला तरी पूर्णपणे क्षितिजाखाली राहतो आणि जमिनीच्या रंगात मिसळतो. कॅमेरा ३० सेंटिमीटरवर आणला की त्याच खडकाचा वरचा ७० सेंटिमीटर भाग फिकट आकाशावर उमटतो. एकट्या वस्तूला एकच सलग पार्श्वभूमी मिळावी यासाठी गुडघे टेकणं किंवा एखाद्या उंचवट्यावर चढणं हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. क्षितिजरेषा वस्तूच्या अगदी माथ्याला टेकली असेल तर तिथून फोटो घेऊच नये. वस्तू आणि रेषा चिकटलेल्या दिसतात आणि दोन्हींची धार जाते.

लेन्सचं गणितही सरळ आहे. फुल फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ मिमी लेन्स आडवे सुमारे ७४ अंश पाहते, २०० मिमी सुमारे १० अंश. समोरची टेकडी ५०० मीटरवर असेल तर पहिलीच्या चौकटीत ७५० मीटर रुंदीचा प्रदेश येतो, दुसरीच्या चौकटीत फक्त ९० मीटर. त्या ७५० मीटरमध्ये रस्ता, तारा, झोपडी, पायवाट यांतलं काही ना काही असणारच. म्हणून या कामात ७०-२०० किंवा १००-४०० मिमी झूम वाइड लेन्सपेक्षा जास्त उपयोगी पडते. वाइड लेन्स वापरायचीच असेल तर ती समुद्र, बर्फाचं मैदान किंवा खारट सपाट जमीन अशा आधीच रिकाम्या असलेल्या जागी वापरावी.

लांब लेन्सची एक अडचण विकत घेतलेल्या कुठल्याच साधनाने सुटत नाही. जमीन तापली की वरची हवा लहरू लागते आणि किलोमीटरभर दूरच्या डोंगरकडा थरथरत्या, मऊ दिसतात. फोकस चुकला असं वाटतं, लोक लेन्स तपासून आणतात, पण दोष हवेचा असतो. सूर्योदयाच्या आसपास, जमीन थंड असताना तेच दृश्य स्वच्छ येतं. ढगाळ हवाही चालते.

हवा स्वतःच रंगकाम करते

धुकं आणि धूसर हवा या शैलीत इतकी का दिसते, हे कळलं की ती वापरणं सोपं जातं. हवेतले पाण्याचे थेंब आणि बारीक कण प्रकाश विखुरतात. वस्तू आणि कॅमेरा यांच्यामध्ये हवा जितकी जास्त, तितका हा विखुरलेला फिका प्रकाश वस्तूच्या छटेत मिसळतो. त्याचा परिणाम गडद भागांवर आधी होतो. काळा राखाडी होतो, राखाडी फिका होतो आणि शेवटी वस्तू पार्श्वभूमीत विरते. म्हणजे अंतराचं रूपांतर छटेत होतं. एकामागून एक डोंगररांगा वेगवेगळ्या करड्या पट्ट्यांसारख्या दिसतात त्या यामुळेच. सूर्य समोरच्या बाजूला असेल तर धूसरपणा जास्त उजळतो आणि पट्ट्यांमधला फरक वाढतो. सूर्य पाठीमागे असताना त्याच रांगा सपाट आणि तपशीलवार दिसतात आणि मिनिमल परिणाम निघून जातो.

दृश्यमानता १ किलोमीटरपेक्षा कमी झाली की हवामानशास्त्रात त्याला धुकं म्हणतात. छायाचित्रासाठी साधारण असा हिशेब धरावा: आज २०० मीटरपर्यंत दिसत असेल, तर ६० ते १०० मीटरवरची वस्तू निवडावी. ती पुरेशी गडद राहते आणि तिच्या मागचं सगळं नाहीसं झालेलं असतं. २० मीटरवरची वस्तू निवडली तर धुक्याचा परिणामच जाणवत नाही. धुक्यात ऑटोफोकस पुढेमागे फिरत राहतो, कारण त्याला पकडायला कडा हवी असते. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवरचं चालू दृश्य, मोठं करून झाडाच्या खोडाच्या कडेवर हाताने फोकस करावा. लेन्सच्या काचेवर दव साचतं, ते दर काही मिनिटांनी पाहावं. काचेवरचा ओलावा आणि खरं धुकं छोट्या स्क्रीनवर सारखेच दिसतात.

वाळू आणि बर्फाच्या बाबतीत काम हवेऐवजी सूर्याची उंची करते. सूर्य १० अंशांवर असताना ३ सेंटिमीटर उंच लाटेची सावली सुमारे १७ सेंटिमीटर पडते, ४५ अंशांवर फक्त ३ सेंटिमीटर. सकाळ-संध्याकाळी वाळूवरच्या बारीक लाटा ठळक रेघा होतात आणि दुपारी गायब होतात, त्याचं कारण एवढंच आहे. रेघा नको असतील आणि फक्त टेकडीचे मोठे उतार हवे असतील, तर पातळ ढगाआड गेलेला सूर्य जास्त बरा. वाळूत आणि ताज्या बर्फात आपल्याच पावलांचे ठसे पुढच्या चौकटीत येतात, म्हणून आधी लांबून, बाजूने पाहावं आणि मगच आत पाऊल टाकावं.

एक्स्पोजर: कॅमेरा राखाडीच समजतो

कॅमेऱ्याचं मीटर समोरचं दृश्य सरासरी मध्यम राखाडी आहे असं धरून चालतं. चौकटीचा ९० टक्के भाग बर्फ किंवा धुकं असेल तर मीटर त्यालाही राखाडी करून ठेवतं, आणि छायाचित्र मळकट, जड येतं. धुक्यासाठी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या हिशेबात हाताने केलेली वाढ-घट) +१ ते +१.७, उन्हातल्या बर्फासाठी +१.३ ते +२ पासून सुरुवात करावी. उलट, गडद पाण्यावर एकच उजळ पान असेल तर -१ ते -२.

हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ छटा मोजणारा आलेख, इथे नेहमीसारखा दिसत नाही आणि त्यामुळे लोक घाबरतात. छटाच थोड्या असल्यामुळे एकच अरुंद उंचवटा येतो, दोन्ही बाजूंना पोकळी राहते. तो बरोबरच आहे. पाहायचं ते एवढंच की धुक्यासाठी उंचवटा उजवीकडच्या एक तृतीयांश भागात आहे, पण उजव्या भिंतीला टेकलेला नाही. लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांचे आलेख वेगवेगळे पाहावेत. सूर्यास्ताच्या आकाशात किंवा तांबूस वाळूत लाल आलेख एकटाच भिंतीला टेकतो, एकत्रित आलेखात ते कळत नाही, आणि नंतर त्या भागात रंगाची सपाट चिकटपट्टी लावल्यासारखं दिसतं.

पूर्ण पांढरा टाळावा. ८ बिटच्या मोजमापात (० काळा ते २५५ पांढरा) २५५ म्हणजे माहितीच नाही. छापताना त्या जागी शाई पडत नाही आणि कागद उघडा राहतो, चकचकीत कागदावर तर तिथली चमकही वेगळी दिसते. सर्वांत उजळ भाग २४५ च्या आसपास ठेवला की धुकं ‘छापलेलं’ राहतं आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर छायाचित्राची कडही हरवत नाही.

पाणी गुळगुळीत करायचं असेल तर

दीर्घ एक्स्पोजर, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवणं, हे वजाबाकीचंच साधन आहे. ते पाण्याचा पोत पुसतं. त्यासाठी एनडी फिल्टर लागतो, म्हणजे रंग न बदलता प्रकाश कमी करणारी गडद काच. एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा. ३ स्टॉपचा फिल्टर प्रकाश ८ पट कमी करतो, ६ स्टॉपचा ६४ पट, १० स्टॉपचा सुमारे १००० पट. फिल्टरशिवाय शटरची वेळ १/६० सेकंद येत असेल, तर १० स्टॉपने सुमारे १७ सेकंद, १/१५ असेल तर सुमारे ६८ सेकंद, आणि संध्याकाळी १/४ असेल तर ४ मिनिटांहून थोडं जास्त.

किती वेळ ठेवायचा हे पाण्यातून काय काढायचं आहे त्यावर ठरतं. अर्धा ते २ सेकंदांत परत जाणाऱ्या लाटेच्या फेसाच्या रेघा उमटतात, आणि बटण दाबायची वेळ लाट मागे फिरायला लागते ती. ८ ते १५ सेकंदांत पाणी मऊ होतं, पण हालचाल कळते. ३० सेकंदांपुढे समुद्राची धुक्यासारखी सपाट चादर होते. माझ्या मते सरसकट सगळ्या समुद्राची चादर करणं ही या प्रकारातली सर्वांत कंटाळवाणी सवय झाली आहे. वाऱ्याने उठलेल्या लहान लाटांचा एकसारखा पोत १/२५० सेकंदात जास्त जिवंत दिसतो, आणि तोही मिनिमल असू शकतो.

कामाचा क्रम पाळावा. ट्रायपॉड लावून चौकट पक्की करा, फोकस घ्या, मग फोकस मॅन्युअलवर टाका, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि ॲपर्चर (लेन्सचं छिद्र, आकडा मोठा तितकं लहान) एफ/८ ते एफ/११ ठेवा, फिल्टरशिवाय एक चाचणी फोटो घेऊन शटर स्पीड नोंदवा, आणि त्यानंतरच फिल्टर चढवा. १० स्टॉपच्या काचेतून बऱ्याच कॅमेऱ्यांना फोकस जमत नाही. ३० सेकंदांपेक्षा जास्त वेळासाठी बल्ब मोड (बटण सोडेपर्यंत शटर उघडं ठेवणारा) आणि रिमोट लागतो. वेळ वाढवायला एफ/२२ पर्यंत जाणं टाळा, कारण लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि सगळंच चित्र किंचित मऊ होतं. शिवाय धुळीचे कणही एफ/२२ वर सर्वांत ठळक दिसतात.

बिघडतं ते बहुतेक याच गोष्टींमुळे. ट्रायपॉडचे पाय ओल्या वाळूत प्रत्येक लाटेबरोबर थोडे खचतात आणि क्षितिजाची दुहेरी रेघ येते. पाय आधीच दाबून वाळूत खोल रोवा आणि मधला दांडा वर काढू नका. वाऱ्यात ट्रायपॉडला लटकवलेली पिशवी झुलत राहिली तर ती स्थैर्य देण्याऐवजी हादरे देते, म्हणून ती जमिनीला टेकलेली असावी. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून मागचा प्रकाश आत शिरतो आणि चौकटीत फिकट जांभळट पट्टा येतो, तेव्हा तो झाकावा. आणि कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू असेल तर ४ मिनिटांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी ४ मिनिटं अडकून राहतो. ओसरत्या प्रकाशात तेवढ्यात हवी ती वेळ निघून जाते.

स्वस्त गडद फिल्टरवर सगळ्या चित्राला तपकिरी किंवा निळसर झाक येते. ती एकसारखी असेल तर व्हाइट बॅलन्सने निघते. कडेला एक रंग आणि मध्ये दुसरा असेल तर निघत नाही, आणि रिकाम्या आकाशात ते फारच खुपतं. दोन फिल्टर एकावर एक चढवले तर वाइड लेन्सचे कोपरे काळे पडतात.

कॅमेराच हलवायचा

जाणूनबुजून कॅमेरा हलवून काढलेलं छायाचित्र हा अमूर्ताकडे जाण्याचा सर्वांत थेट रस्ता आहे. सरळ खोडांच्या जंगलात कॅमेरा वरून खाली हलवला की खोडांचे उभे रंगपट्टे होतात, बारीक फांद्या आणि पानं विरतात. समुद्रावर आडवा हलवला की पाणी, फेस, वाळू आणि आकाश चार आडवे पट्टे होतात. नियम एकच: दृश्यातल्या मुख्य रेषांच्या दिशेने हलवा. त्यांना आडवं हलवलं की फक्त चिखल उरतो.

सुरुवातीला आयएसओ १००, एफ/११ ते एफ/१६, शटर १/४ सेकंद. दिवसा, सावलीत किंवा ढगाळ हवेत, त्यासाठी ३ स्टॉपचा एनडी फिल्टर किंवा पोलरायझर (चकाकी कमी करणारा, थोडा प्रकाशही अडवणारा फिल्टर) लागेल. या पाव सेकंदात चौकटीच्या साधारण एक तृतीयांश उंचीइतकी हालचाल पुरते. १/१५ सेकंदात नुसता हललेला फोटो वाटतो, १ सेकंदात आकार पूर्ण पुसतात. लेन्स आणि कॅमेरा दोन्हींतलं स्टॅबिलायझेशन (हादरे रोखणारी यंत्रणा) बंद करा, नाहीतर ते तुमच्या हालचालीविरुद्ध झटत राहतं आणि रेघा अडखळतात.

बटण दाबण्याआधी हालचाल सुरू झालेली असावी आणि शटर बंद झाल्यावरही ती चालू राहावी. सुरुवातीला किंवा शेवटी कॅमेरा क्षणभर थांबला तर त्या क्षणाची तीक्ष्ण प्रतिमा रेघांवर भुतासारखी बसते. रेघा कमानीसारख्या वाकतात तेव्हा मनगट फिरलेलं असतं. कमरेतून वाकावं, किंवा ट्रायपॉडच्या डोक्याचा फक्त उभा अक्ष सैल करून त्यावर हलवावं. आणि फांद्यांमधून डोकावणारं पांढरं आकाश चौकटीत घेऊ नये. प्रकाश साठत जातो, अंधार साठत नाही. त्यामुळे हलवताना उजळ आकाश ज्या खोडावरून जातं त्या खोडाची गडद छटा धुऊन टाकतं. एका चांगल्या चौकटीसाठी अनेक वाया जाणार, हे गृहीत धरूनच सुरुवात करावी.

प्रतिबिंब

पाण्यातल्या प्रतिबिंबात क्षितिज आपोआप नाहीसं होतं आणि आकार तुटून नवे होतात. इथे एक गोष्ट हमखास चुकते. फोकस पाण्याच्या पृष्ठभागावर घेतला जातो, पण प्रतिबिंब पृष्ठभागावर नसतं. कॅमेऱ्यापासून पाण्यापर्यंतचं आणि पाण्यापासून झाडापर्यंतचं अंतर मिळून जेवढं होईल तेवढ्या अंतरावर ते असतं. पाणी ३ मीटरवर आणि झाड त्यापुढे ३० मीटरवर असेल तर फोकस सुमारे ३३ मीटरवर हवा. पृष्ठभागावरचं तरंगणारं पानही धारदार हवं असेल तर छिद्र लहान करा किंवा वेगवेगळ्या फोकसचे दोन फोटो जोडा. तरंगांच्या वळ्या गोठवायला १/२५० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर ठेवा.

पोलरायझर पाण्यावरची चकाकी सर्वांत जास्त काढतो तो पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांच्या कोनात पाहिलं तर. तळ दाखवायचा असेल तर तो पूर्ण फिरवा. प्रतिबिंबच विषय असेल तर तो काढून ठेवलेलाच बरा.

चौकटीतली जागा आणि कडा

एकटी वस्तू कुठे ठेवायची? तृतीयांशाचा नियम, म्हणजे वस्तू चौकटीच्या एक तृतीयांश रेषांवर ठेवणं, इथे फारसा मदत करत नाही. वस्तू आणि तिचं प्रतिबिंब सममित असेल तर मध्य उत्तम. वस्तू एका दिशेला झुकलेली असेल, जसं वाऱ्याने कललेलं झाड, तर झुकाव आहे त्या बाजूला जास्त जागा सोडावी. कडेपासूनचं अंतर मात्र निर्णायक असावं. वस्तू कडेला जवळजवळ टेकली पण टेकली नाही, असं झालं की नजर तिथेच अडकते. एकतर कडेने तिला स्पष्ट कापावं, नाहीतर मोकळा श्वास द्यावा.

दोन कसोट्या उपयोगी आहेत. चित्र स्क्रीनवर ३ सेंटिमीटर रुंद करून पाहा. तेव्हा वस्तू दिसेनाशी झाली तर ती फार लहान आहे. मग प्रत्येक घटक अंगठ्याने झाकून पाहा. जो झाकल्यावर काही बिघडत नाही तो काढा. सगळे झाकूनही फरक पडत नसेल तर रिकाम्या भागात छटेचा चढउतार तेवढा नाही, आणि ते चित्र नुसतं ओकंबोकं आहे.

चौरस आकार या शैलीला मानवतो, कारण त्यात कुठलीच दिशा जास्त जोरकस नसते. ब्रिटिश छायाचित्रकार मायकेल केन्ना यांची दीर्घ एक्स्पोजरची कृष्णधवल निसर्गचित्रं बहुतांशी चौरसातच आहेत. २४ मेगापिक्सेलच्या ६००० × ४००० चित्रातून चौरस कापला तर ४००० × ४००० उरतात. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ते सुमारे ३४ सेंटिमीटर छापता येतात.

क्षितिज १ अंशाने कललं तर ६००० पिक्सेल रुंदीत दोन टोकांत सुमारे १०५ पिक्सेलचा फरक पडतो. ते अर्ध्या अंशावरही कळतं. दोन पट्ट्यांच्या चित्रात ती रेघ हाच एकमेव आकार असतो, म्हणून ती संगणकावर मोजून सरळ करावी.

फोनवर हे सगळं जमतं, एक अडथळा वगळता. फोन अनेक फोटो एकत्र करून गडद भाग उजळतो आणि कडा तीक्ष्ण करतो. त्यामुळे धुक्यातली सावलीही तपशिलाने भरते. रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) पर्याय असेल तर तो वापरा, एक्स्पोजर लॉक करून बोटाने हवं तसं सरकवा, आणि डिजिटल झूमऐवजी फोनची टेलिफोटो लेन्स निवडा.

संगणकावर

रॉ फाइल १४ बिटची असेल तर प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पातळ्या असतात, जेपीईजीमध्ये फक्त २५६. आकाशाचा सावकाश उतरणारा रंग २५६ पातळ्यांत ताणला की पायऱ्या दिसू लागतात. त्यामुळे संपूर्ण काम १६ बिटमध्ये करावं आणि जेपीईजी फक्त शेवटी, उच्च दर्जावर काढावी. तरीही पायऱ्या दिसल्या तर अगदी बारीक ग्रेन, म्हणजे दाणेदार पोत, घालावा. दाण्यांमुळे पायरीची कड मोडते आणि उतार पुन्हा सलग वाटतो. नॉइज पूर्ण पुसून टाकणं म्हणूनच रिकाम्या आकाशाच्या मुळावर येतं.

डीहेझ (धूसरपणा कमी करणारी) आणि क्लॅरिटी (कडांचा उठाव वाढवणारी) या सॉफ्टवेअरमधल्या पट्ट्या धुक्यात शून्यावर किंवा किंचित उणे ठेवाव्यात. त्या वाढवल्या की एकट्या झाडाभोवती पांढरी वलयं उमटतात, आणि सपाट पार्श्वभूमीवर ती लपत नाहीत. कोपऱ्यांचा काळेपणा लेन्स प्रोफाइलने, म्हणजे त्या लेन्ससाठीच्या तयार दुरुस्तीने, काढा. शक्य असेल तर मुळातच छिद्र दोन स्टॉप लहान करून फोटो घ्या, म्हणजे दुरुस्ती कमी लागते.

धूळ शोधायला तात्पुरता खूप तिरका कर्व्ह (छटांमधला फरक वाढवणारी वक्ररेषा) लावावा. मग न दिसणारे डागही काळे ठिपके होऊन वर येतात. १०० टक्के मोठं करून डाव्या कोपऱ्यापासून ओळीने पाहत जावं, ठिपके काढावेत आणि कर्व्ह हटवावा. एकाच जागी डाग प्रत्येक फोटोत येत असेल तर तो सेन्सरवर आहे. हातपंपाने हवा मारून साफ करावा, तोंडाने फुंकू नये, थुंकीचे थेंब जातात.

छपाईसाठी मॅट कागद धुक्याला चांगला, पण त्यावर काळा तितका गडद येत नाही. मोठी छपाई करण्याआधी छोटी चाचणी प्रत घ्यावी, कारण स्क्रीन मागून उजळलेली असते आणि कागदावर तेच चित्र थोडं काळवंडतं. अशी अनेक चित्रं शेजारीशेजारी लावायची असतील तर सगळ्यांत क्षितिज एकाच उंचीवर ठेवावं. जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतो यांनी १९८० पासून काढलेल्या समुद्रचित्रांच्या मालिकेत हवा आणि पाणी निम्मेनिम्मे आहेत, त्यामुळे रांगेत पाहताना नजर रेषेवरून अडखळत नाही आणि प्रत्येक समुद्राच्या छटेतला फरक तेवढा दिसतो. क्षितिज चित्रागणिक एखाद्या सेंटिमीटरने वरखाली असेल तर नजर आधी ती पायरीच पकडते. म्हणून चौकट जागेवर ठरवतानाच क्षितिज कुठे येणार ते ठरवून घ्यावं. नंतर कापून जुळवायला गेलं तर प्रत्येक चित्राचा आकार वेगळा होतो.